कोल्हापुरातून श्टुटगार्टला जाताना: महिन्याच्या खर्चाची आखणी

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात चार-पाच वर्षे काढलेल्या अभियंत्याला जर्मनीत श्टुटगार्टकडची नोकरी लागली, की घरात पहिला गुणाकार होतो तो युरोच्या भावाचा. त्या गुणाकाराने डोळे दिपतात आणि अंदाजपत्रक तिथेच चुकते, कारण खर्चही युरोतच व्हायचा असतो. म्हणून रुपया बाजूला ठेवून सगळा हिशेब युरोत मांडावा.

नियुक्तीपत्रावरचा आकडा ‘ब्रुटो’, म्हणजे कपातीपूर्वीचा असतो. हाती पडतो तो ‘नेटो’. निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेरोजगारी विम्यासाठी १.३ टक्के, सार्वजनिक आरोग्य विम्यासाठी ७.३ टक्के आणि त्यावरील अतिरिक्त हप्त्याचा निम्मा भाग, शिवाय शुश्रूषा विमा आणि प्राप्तिकर एवढे सारे वजा होते. अभियंत्याच्या मध्यम पगारावर एकट्या माणसाची कपात साधारण एकतृतीयांशाच्या पुढेच जाते. जोडीदार कोल्हापुरातच राहणार असेल, तर विवाहितांच्या करवर्गाची सवलत मिळेल असे गृहीत धरू नये.

खरी परीक्षा घराची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसते ती ‘काल्टमिटे’, म्हणजे नुसते भाडे. पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग मिळवून होते ती ‘वार्ममिटे’. अंदाजपत्रकात दुसराच आकडा लिहावा. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा याहून वेगळे असतात. अनामत कायद्याने तीन काल्टमिटेंपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. नवख्या माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही. दलालाची फी २०१५ पासून त्याला ज्याने नेमले त्याने द्यायची असते, त्यामुळे घरमालकाच्या दलालाने ती मागितल्यास सरळ नकार द्यावा. रिकामे घर घेताना स्वयंपाकघर आहे का, हे आवर्जून विचारावे. आपल्याकडे ओटा भिंतीचाच भाग असतो, तिकडे मात्र जुना भाडेकरू कपाटे, शेगडी आणि बेसिनसुद्धा सोबत घेऊन जाऊ शकतो.

पगार सहसा महिनाअखेरीस होतो. पत्त्याची नोंदणी होऊन करक्रमांक कंपनीकडे पोहोचेपर्यंत कर चढ्या दराने कापला जाऊ शकतो. तो पुढे परत मिळतो, पण तोवर हात आखडतो. माझ्या मते दोन महिन्यांचा खर्च आणि अनामतीचा पहिला हप्ता एवढी रक्कम सोबत नसेल, तर निघण्याची घाई करू नये.

एक नमुना मांडू. समजा, हाती २,७०० युरो येतात. वार्ममिटे १,१५०, वीज आणि इंटरनेट ८५, किराणा ३०० धरले. दूरचित्रवाणी घरात असो वा नसो, प्रत्येक घराला प्रसारण शुल्क महिन्याला १८.३६ युरो पडते. एका घरात चौघे राहत असले तरी ते एकदाच द्यायचे असते. देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस यांना चालणारे ‘डॉइचलांडटिकेट’ जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. इथवर बेरीज साधारण १,६१६ युरो होते. उरलेले सगळे शिल्लक समजणे ही नेहमीची चूक, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च अजून यात आलेलेच नाहीत.

त्यांसाठी आपल्या भिशीसारखा दरमहा हप्ता बाजूला काढावा. फरक इतकाच, की इथे भिशी एकट्याचीच. नमुन्यात तो २२० युरो धरू. त्यातून दिवाळीचे विमानभाडे, हिवाळी कोट आणि बूट, दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा दायित्व विमा आणि मुख्य म्हणजे घराच्या वार्षिक हिशेबातील फरक भागवावा. हीटिंगसाठी महिन्याला भरतो ती रक्कम अंदाजाची असते; वर्षअखेरच्या हिशेबात वापर जास्त निघाला, तर मोठे बिल एकदम हातात पडते.

घरी पाठवायचे पैसेही ‘उरले तर’ या सदरात न टाकता निश्चित रकमेत लिहावेत. राजारामपुरीतल्या फ्लॅटचा हप्ता आणि आईवडिलांची खर्ची मिळून ५०० युरो धरले, तर हाती ३६४ उरतात. दर वेळच्या शुल्काचा विचार करता महिन्यातून एकदाच पैसे पाठवावेत. निघाल्यावर इथले बचत खाते अनिवासी भारतीयांच्या ‘एनआरओ’ खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. तिकडून येणाऱ्या रकमेसाठी ‘एनआरई’ खाते उघडावे, ज्याच्या व्याजावर भारतात कर नाही.

किराण्याचा आकडा ३०० वर राखायचा, तर घरी रांधावे लागेल. दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार उरकावा. कांदा-लसूण मसाला बांधून न्यावा. तूप, पेढे आणि सुक्या मटणाचा डबा मात्र घरीच ठेवावा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाहारी पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे आणि सीमाशुल्क अधिकारी ते काढून घेतात.