गवार गम आणताना आणि वापरताना

नाशिकच्या सिडकोत मी घरून सीताफळाचं आइस्क्रीम करून विकते. ते दाट व्हावं म्हणून त्यात गवार गमची पावडर घालते. बचत गटातल्या बायका हमखास विचारतात, "ताई, ती पावडर पोटाला बाधत नाही ना?" गवार गम म्हणजे गवारीच्या बियांचीच पूड. आपल्याकडे आयएनएस ४१२ या क्रमांकानं (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या पूरक घटकांची आंतरराष्ट्रीय क्रमवारी) तिला परवानगी आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली फेरतपासणी केली, तेव्हाही रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज त्यांना वाटली नाही. जपायचं ते घेताना आणि भिजवताना.

नाशिकच्या रविवार कारंजा बाजारात गेलात तर सुटी पावडर घेऊ नका, किलोमागे कितीही स्वस्त मिळू दे. हाच गम कापडछपाईला नि तेलविहिरींनाही जातो, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. २००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मालात डायऑक्सिन आणि पेंटाक्लोरोफिनॉल ही विषारी रसायनं सापडली होती. पुढं तिकडे जाणाऱ्या मालाला प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. तेव्हा बंद पाकीटच मागा. त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा. बॅच नंबर वहीत उतरवा, बिल जपून ठेवा. उद्या कुणाची तक्रार आली, तर हेच कामी येतं.

एक लिटर दुधाला दोन ग्रॅम पुरे. चमच्याचा अंदाज नको, छोटा डिजिटल काटा घ्याच. पावडर दहापट साखरेत कोरडीच कालवायची, मग गार दूध घुसळता घुसळता वरून थोडी थोडी भुरभुरायची. एकदम ओतली की वरून चिकट, आत कोरडी अशी गुठळी होते आणि ती काही केल्या फुटत नाही. मग दूध तापवून, निववून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पळीच्या पाठीवर बोट ओढा. रेघ मिटली नाही की जमलं. प्रमाण वाढलं तर आइस्क्रीम तोंडात बुळबुळीत लागतं, शिवाय पोटात गॅस धरतो.

वजन उतरवायला म्हणून कोरडी पावडर कुणीही गिळू नये, हे मी प्रत्येकीला बजावते. ओल लागली की ती फुगते. अमेरिकेत १९९० च्या सुमारास अशा गोळ्यांनी लोकांची अन्ननलिका अडली, आणि तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्यानं त्या बाजारातून काढायला लावल्या.

डब्याच्या लेबलवर घटकांमध्ये 'स्टॅबिलायझर (आयएनएस ४१२)' छापा. जैन गिऱ्हाइकं जिलेटिन (ते जनावरांपासून काढतात) आहे का विचारतात, त्यांना पाकीटच दाखवा.