गल्फला शिक्षक म्हणून निघालात? व्हिसाचे पैसे कुणी भरायचे ते आधी बघा

जुलैमध्ये सुट्टीला सोलापुरात आले की विजापूर रोडच्या आमच्या घरी पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी फाईल घेऊन येतं. यंदा तिघी येऊन गेल्या. तिघीही बीएड, दोघी इथल्याच इंग्लिश मिडीयमला शिकवायलेत, आणि तिघींचा प्रश्न एकच, "मॅडम, इंटरव्ह्यू झाला, सिलेक्शन झालं, आता व्हिसाचे दीड लाख भरा म्हणायलेत, भरू का?"

नका भरू. एक रुपया पण नका भरू आणि ज्याने मागितले त्याला आधी विचारा की हे नेमकं कशाचे. मी युएईत, शारजात २०११ पासून गणित शिकवते, तीन शाळा झाल्या, आणि दरवर्षी हेच बघते की हुशार मुली, दहावीचं पूर्ण पोर्शन तोंडपाठ असलेल्या, पण ऑफर लेटरवर सही करताना हा एक प्रश्न विचारत नाहीत कारण वाटतं विचारलं तर नोकरी जाईल. नोकरी जात नाही. चांगली शाळा असेल तर एका ओळीत उत्तर येतं, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ करायला लागली तर ती शाळा तुम्हाला पुढं काय करणार हे तुम्हाला सोलापुरात बसूनच कळलं.

माझं काय झालं ते सांगते. मी गेले तेव्हा आईच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवून तिकीट आणि कागदपत्रांचा खर्च केला होता. हिशोब असा केलेला की पगार २४०० दिरहम, राहायची सोय शाळेची, म्हंजे सहा महिन्यांत पाटल्या सुटतील. पहिली पगाराची स्लिप हातात आली, अर्ध्या पानाचा कागद, वर बेसिक, खाली अलाउन्स, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात व्हिसा रिकव्हरी, वजा ४००, त्याच्यापुढं एक भागिले दहा. मला वाटलं छापायची चूक असेल. अकाउंट्समध्ये गेले तर ते म्हणाले सगळ्यांचं कापतात, दहा हप्ते आहेत. स्टाफरूममध्ये विचारलं तर खरंच सगळ्यांचं कापलेलं, केरळच्या, हैदराबादच्या, सगळ्या मॅडमचं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नंतर माझं ऑफर लेटर काढून बघितलं, त्यात असं काही लिहिलेलंच नव्हतं, पण जॉइन झाल्यावर पहिल्या दिवशी ज्या पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या त्यातल्या एकावर होतं आणि मी न वाचता सही केलेली. दहा महिने कापले. पाटल्या दुसऱ्या वर्षी सुटल्या. आईने एका शब्दाने विचारलं नाही, पण मला ते अजून लागतं.

आता नियम काय आहे ते नीट वाचा. युएईचा आत्ताचा कामगार कायदा म्हंजे २०२१ चा फेडरल डिक्री लॉ नंबर ३३, तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे की माणूस आणण्याचा आणि कामाला लावण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ पण नाही आणि आडून पण नाही. आडून हा शब्द महत्त्वाचा आहे कारण शाळा तुमच्याकडून रोख मागत नाही, ती पगारातून कापते, नाहीतर पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून ठेवते, नाहीतर म्हणते तुम्ही भरा आणि प्रोबेशन संपल्यावर आम्ही परत देतो. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं, आणि सहा महिन्यांनी एचआरचा माणूस बदललेला असतो. परत देतो म्हणणाऱ्याला सांगा की मग आत्ताच भरा, परत द्यायचा त्रास वाचेल.

यात नेमकं काय काय येतं तेही माहीत असू द्या, कारण व्हिसा व्हिसा म्हणून सगळं एकात गुंडाळतात. आधी एंट्री परमिट निघतं, त्यावर तुम्ही तिकडं उतरता. मग मेडिकल, म्हंजे रक्त आणि छातीचा एक्सरे. मग बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी, लेबरचं वर्क परमिट आणि शेवटी रेसिडेन्स, म्हंजे तिकडं राहायचा परवाना. पूर्वी पासपोर्टवर स्टिकर चिकटवायचे, २०२२ पासून ते बंद आहे, आता एमिरेट्स आयडी हाच रेसिडेन्सचा पुरावा. साधारण दोन वर्षांनी हेच परत रिन्यू होतं. हे सगळं शाळेचं. तुमचा स्वतःचा हेल्थ इन्शुरन्सही शाळेचाच, दुबई-अबूधाबीत आधीपासून आणि जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमानसकट बाकीच्या अमिरातींमध्ये पण. तुमच्या खिशातून जाणारी एकच बारीक गोष्ट म्हंजे नोकरी गेल्यावर काही महिने पैसे मिळायचा जो सरकारी विमा २०२३ ला सुरू झाला, त्याचे बेसिक १६ हजारापर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम. तो मात्र स्वतः आठवणीने काढा, नाही काढला तर ४०० दिरहम दंड आहे आणि तो शाळा भरत नाही.

तुमचा खर्च असतो तो निघायच्या आधीचा, म्हंजे कागदपत्रांचा. पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्सचे ५०० रुपये, आणि डिग्रीचं अटेस्टेशन, म्हंजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के. यात आपल्या सोलापूरच्या लोकांची एक वेगळीच धावपळ होते. आपलं विद्यापीठ २००४ ला झालं, त्याआधीचे सगळे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे, त्यामुळं तुमची बीएस्सी २००३ ची असेल तर व्हेरिफिकेशनला कोल्हापूर आणि बीएड नंतरचं असेल तर इथं केगावला आपल्या विद्यापीठात, असे दोन रस्ते होतात. ते झालं की राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग युएईच्या वकिलातीचा, आणि तिकडं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, तो एका कागदाला १५० दिरहम. आपल्या परराष्ट्र खात्याची साध्या अटेस्टेशनला फीच नाही आणि अपोस्टिलला, म्हंजे काही देशांत वकिलातीशिवाय चालणाऱ्या शिक्क्याला, ५० रुपये आहे, वर कागद जमा करून घेणाऱ्या एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, त्यामुळं कुणी सरकारी फी म्हणून हजारो सांगितली तर पावती दाखव म्हणा. ओमान, बहरीन, सौदीला अपोस्टिल चालतं, युएई, कतार, कुवेतला वकिलातीपर्यंत जावं लागतं. काही शाळा हा खर्च पावत्या दाखवल्यावर परत देतात, सगळ्या नाही, पण विचारायला काय जातंय. पावत्या एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोटो काढून मोबाईलमध्ये पण ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं तिकडच्या उन्हात दोन महिन्यांत उडतात.

एजंटचं म्हणाल तर आपल्याच सरकारने मर्यादा घातलेली आहे, परदेशी नोकरीला पाठवणारा नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हंजे ३५,४००. त्याला लायसन लागतं आणि तो नंबर ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर दिसतो. ओळखीचा आहे, अमक्याच्या मेव्हण्याने पाठवलंय, हे सगळं ठीक, पण नंबर बघा. त्या तिघींपैकी एकीच्या एजंटचं नावच तिथं नव्हतं. तिला मी माझ्या पुढ्यात त्याला फोन करायला लावला, तर तो म्हणाला ताई तुम्हाला जायचं नसेल तर दुसऱ्या लाइनीत उभ्या आहेत. असूदेत उभ्या, आपण बाजूला व्हायचं.

आता खर्च कुणाचा हे शाळेला लिहून कसं विचारायचं. ऑफर आली की सही करायच्या आधी शाळेच्या एचआरला ईमेल करा, व्हॉट्सअॅप कॉल नको, ईमेलच. त्यात सरळ विचारा की वर्क परमिट, रेसिडेन्स, मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि रिन्यूअल यांचा खर्च शाळा करणार का, पगारातून काही कापणार का, येण्याचं तिकीट कुणाचं, आणि मी मुदतीआधी सोडलं तर माझ्याकडून काही वसूल करणार का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. बऱ्याच शाळा बॉण्ड म्हणून लिहून घेतात की दोन वर्षांच्या आत सोडलं तर व्हिसाचा सगळा खर्च द्यायचा. युएईच्या कायद्यात असं आहे की प्रोबेशनमध्ये तुम्ही तिथंच दुसऱ्या शाळेत गेलात तर महिनाभर आधी नोटीस द्यायची आणि जुन्या शाळेचा खर्च भरायचा असेल तर तो नव्या शाळेने भरायचा, तुम्ही नाही. देश सोडून परत यायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस, मात्र तीन महिन्यांच्या आत परत दुसऱ्या नोकरीवर आलात तर तिथंही तो खर्च नव्या मालकावर जातो. तेव्हा बॉण्डला घाबरून सही करू नका आणि सही झालीच असेल तर घाबरून वाईट शाळेत दोन वर्षं काढू नका. नोटीस न देता मात्र निघून जाऊ नका, मग तुमची बाजू कमजोर होते.

आणि पासपोर्ट. व्हिसाच्या कामाला चार दिवस द्यावा लागला तर द्या, पण कपाटात ठेवतो म्हणून शाळेने ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. मागून घ्या.

अजून एक प्रकार वाढलाय, "आधी व्हिजिटवर या, डेमो लेसन द्या, इथंच कन्व्हर्ट करू." म्हंजे व्हिजिटचे पैसे तुमचे, तिकीट तुमचं, राहणं तुमचं, आणि वर्क परमिट नसताना शिकवायला उभं केलं तर ते बेकायदेशीर. २०२४ पासून अशा मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड केलाय, पण तुमचा त्यात काय फायदा, तुम्ही तिकडं अडकून पडता. डेमो झूमवर होतो आता, झूमवरच द्या.

ज्या मुलींचे मिस्टर आधीच तिकडं आहेत त्यांच्यासाठी वेगळं. तुम्ही नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असाल तर रेसिडेन्सचा खर्च नवरा नाहीतर त्याची कंपनी करते आणि शाळेला फक्त वर्क परमिट काढावं लागतं. शाळांना अशा शिक्षिका हव्याच असतात, खर्च वाचतो, घर नको, तिकीट नको. मग तो वाचलेला पैसा पगारात मागा, तिकडं कुणी आपणहून देत नाही. आणि उलटं असेल, म्हंजे तुम्हीच नवऱ्याला आणि पोरांना नेणार असाल, तर ४००० दिरहम पगार, किंवा ३००० आणि राहायची सोय, एवढं दाखवावं लागतं आणि त्यांच्या व्हिसाचा खर्च करारात लिहिलेला नसेल तर तुमचाच. दोन पोरं असतील तर हा आकडा घरी बसून मांडून घ्या, भाड्याच्या आधी.

सौदीचं सांगते कारण आता तिकडंही बरेच चाललेत. त्यांच्या कायद्याचं ४० वं कलम अजून स्पष्ट आहे, इकामा (तिकडं राहायचा परवाना), वर्क परमिट, दोन्हीचं रिन्यूअल, उशीर झाला तर दंड, एक्झिट री-एंट्री (देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना) आणि शेवटी घरी यायचं तिकीट, सगळं मालकाचं. पण फॅमिली नेली तर माणशी महिन्याला ४०० रियाल सरकारची फी आहे, ती बहुतेक जण स्वतःच भरतात, तिघं नेले तर वर्षाचे १४,४०० रियाल. हे न विचारता गेलेली एक फॅमिली सहा महिन्यांत परत आली, माझ्या ओळखीची.

इंग्लंडमध्ये उलट, तिकडं व्हिसाची फी आणि हेल्थ सरचार्ज (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेची फी) कायद्याने शाळेवर नाही, आणि सरचार्ज वर्षाला १०३५ पौंड, तीन वर्षांचा व्हिसा तर तिन्ही वर्षांचे आधीच. स्किल्स चार्ज, म्हंजे परदेशातून माणूस आणल्याबद्दल सरकारला द्यायची फी, मात्र शाळेनेच भरायचा, तो तुमच्याकडून घ्यायला बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचा (व्हिसासाठी शाळा देते तो दाखला) खर्चही घेता येत नाही. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर शिक्षक नेले आणि फी त्यांच्याकडून वसूल केली म्हणून मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या सरकारी शाळांना २०११ मध्ये हजारावर परदेशी शिक्षकांचे मिळून ४० लाख डॉलरच्या वर परत द्यावे लागले. कुणीतरी पावत्या जपून ठेवल्या आणि तक्रार केली म्हणून ते झालं.

आणि ज्यांचे पैसे कापून झालेत, मला मेसेज करून सांगतात की मॅडम आता काय उपयोग. उपयोग आहे. युएईत नोकरी संपल्यापासून दोन वर्षांच्या आत कामगार मंत्रालयात हक्क मागता येतो, तक्रार त्यांच्या अॅपवरून करता येते आणि त्याला फी नाही. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि ते पहिल्या दिवशी सही केलेले कागद शोधून काढा, आत्ताच, नोकरी चालू असतानाच, कारण सोडल्यावर शाळेचा ईमेल आयडी बंद होतो आणि स्लिपा त्यातच राहतात.