घाम फुटलेली चौकट

आमच्या परभणीला समुद्र कुठला! म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शंख-शिंपले आणि लाटांनी गुळगुळीत केलेली लाकडं आणली. मार्चमध्ये फेविकॉलने चिकटवून चौकट केली, बैठकीत टांगली. आषाढात लाकडाला चक्क घाम फुटला, एकेक शिंपला टपटप खाली. आई म्हणाली, "खारं हाय बाबा ते, लोणच्यासारखं."

बरोबर होतं तिचं. लाकडात मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पांढरा फेविकॉल ओलाव्यानं मऊ पडतो. सगळं सोडवलं. लाकडं बोअरच्या नव्हे, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात बुडवली (आमचं बोअर स्वतःच खारं), पाणी रोज बदललं. आठव्या दिवशी एक वाळवून पाहिलं, तर पांढरी झाक अजून होतीच. आणखी आठवडा. मग सावलीतच वाळवली, उन्हात तडकतात. शिंपल्यांच्या पाठी पॉलिश पेपरनं खरवडल्या आणि दोन नळ्यांचं अराल्डाइट लावलं.

एका शंखातून मात्र वास जाईना. आत मेलेला खेकडा. आता उचलायच्या आधी आत डोकावतो.

चार शिंपले कमी पडले, ते पैठणला नाथसागराच्या काठावरचे लावले. गोड्या पाण्यातले, त्यांना भिजवायची कटकट नाही.