निविदा अपात्र ठरली? हरकत घेताना या चुका टाळा

सफाई, सुरक्षारक्षक किंवा मनुष्यबळ पुरवण्याची निविदा तांत्रिक लिफाफ्यातच (पात्रतेच्या कागदपत्रांच्या तपासणीत) बाद झाली की पहिले दोन दिवस फोनाफोनीत जातात. 'साहेब बघतो म्हणालेत' यावर विसंबणे सर्वांत महागात पडते. तोवर वित्तीय लिफाफा (दरांचा) उघडतो, काम सुरू करण्याचा कार्यारंभ आदेशही निघतो. मग न्यायालयाकडून स्थगिती मिळवणे फार अवघड. 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटांना स्थगिती देताना संयम ठेवण्यास सांगितले आहे. म्हणून हरकत त्याच दिवशी, लेखी आणि ई-निविदा पोर्टलवरूनच नोंदवा. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 नुसार अपात्रतेला आव्हान देण्याची तरतूद निविदेतच असायला हवी. ते कलम आणि त्यातली मुदत आधी शोधा.

हरकतीत 'आमच्यावर अन्याय झाला' एवढेच लिहू नका. पोर्टलवर अपात्रतेचे जे कारण नोंदवले आहे, उत्तर त्यालाच द्या: निविदेतले कलम कोणते, आणि त्याची पूर्तता तुमच्या अपलोड केलेल्या फाइलच्या कोणत्या पानावर आहे. त्रुटी किरकोळ असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा पोद्दार स्टील (1991) निकाल कामी येतो. तिथे अनामत रक्कम स्टेट बँकेच्या ड्राफ्टऐवजी युनियन बँकेच्या प्रमाणित धनादेशाने भरली होती. न्यायालयाने मूलभूत आणि आनुषंगिक अटींत फरक केला आणि हा दोष दुय्यम मानला. पात्रतेची मूळ अटच पूर्ण होत नसेल, तर हा आधार टिकणार नाही.

अंतिम तारखेनंतर काढलेले अनुभव प्रमाणपत्र हरकतीला जोडणे, हीसुद्धा नेहमीची चूक. आधीपासून अस्तित्वात असलेला, पण जोडायचा राहिलेला कागद दाखवता येतो. नवा बनवलेला नाही. सेवाशुल्क (कंत्राटदाराचा स्वतःचा मोबदला) शून्य भरले असेल तर भांडू नका, केंद्राच्या नियमांत अशी निविदा विचारातच घेतली जात नाही.

अट जाचक वाटत होती तर ती निविदापूर्व बैठकीतच मांडायची. निविदा भरून हरल्यावर तीच अट चुकीची म्हणणाऱ्याचे म्हणणे सहसा ऐकले जात नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, मात्र उत्तरासाठी 30 दिवस थांबून हरकतीची मुदत घालवू नका.

शेवटी उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली याचिका करावी लागलीच, तर ज्याला काम मिळाले त्यालाही प्रतिवादी करा.