सोमवारचं रँकिंग वाचायचं कसं, आणि त्यावर भांडायचं कसं

अमेरिकेतल्या कॉलेज महिला व्हॉलीबॉलचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि नाताळच्या तोंडावर संपतो. या काळात सोमवार उजाडला की प्रशिक्षकांच्या संघटनेचा, म्हणजे एव्हीसीएचा, पहिल्या २५ संघांचा पोल येतो आणि चाहत्यांची जुंपते. यातले बरेच वाद फुकट जातात. एक जण संघाने आतापर्यंत काय कमावलं ते सांगत असतो, तर दुसरा उद्या मॅच झाली तर कोण जिंकेल ते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या याद्या वेगळ्या निघतात. म्हणून आधी समोरच्याला विचारून घ्या: तुझी यादी कामगिरीची की ताकदीची? त्याने धड उत्तर दिलं नाही, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आधी गुण, मग क्रमांक

पोलमध्ये डिव्हिजन १ चे, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या स्तराचे, साठेक मुख्य प्रशिक्षक मत देतात. प्रत्येक मतपत्रिकेवर पहिल्या संघाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १. संघाच्या नावापुढे कंसात असतात ती पहिल्या क्रमांकाची मतं. त्या सगळ्यांची बेरीज केली की त्या आठवड्यात किती जणांनी मत दिलं ते कळतं. पुढचं गणित या आकड्यावर चालतं.

एकूण गुणांना मतदारांच्या संख्येने भागा आणि उत्तर २६ मधून वजा करा. संघाचा सरासरी क्रमांक मिळतो. समजा मतदार ६० आहेत. सहाव्या संघाचे गुण १,१७०, सातव्याचे १,१५८ आणि आठव्याचे १,०२०. सरासरी क्रमांक येतात ६.५, ६.७ आणि ९.०. म्हणजे ‘आम्हाला सातवं का टाकलं?’ हे भांडण ०.२ क्रमांकासाठी आहे. खरी दरी सातव्या आणि आठव्यामध्ये आहे, आणि तिच्यावर कोणी बोलतच नाही.

हे सूत्र यादीच्या तळाशी फसतं, कारण संघाला यादीत न घेणाऱ्या मतदाराकडून शून्य मिळतो, मग त्याच्या मते तो संघ तिसावा असो की ऐंशीवा. पंचविसाव्या संघाचे ९० गुण असतील तर दोन शक्यता आहेत: बऱ्याच जणांनी त्याला शेवटच्या दोन-तीन जागांमध्ये बसवलं, किंवा १० जणांनी थेट सतरावा धरला आणि बाकी ५० जणांनी नावच लिहिलं नाही. वीसच्या खालच्या संघांची दर आठवड्याला जी उलथापालथ दिसते, तिच्यामागे बरेचदा एवढंच असतं. ‘मतं मिळालेले इतर संघ’ ही खालची ओळही वाचत जा, पुढच्या आठवड्यात आत येणारा संघ बहुधा तिथे आधीच दिसतो.

पोल जागचा का हलत नाही

मत देणारे प्रशिक्षक स्वतःचा संघ सांभाळत असतात. सगळ्या मॅच बघायला त्यांना वेळ नसतो. साहजिकच गेल्या आठवड्याची यादी समोर ठेवायची, हरलेला खाली आणि न हरलेला वर, हा सोपा मार्ग होतो. हंगामाआधीची यादी मागच्या वर्षीच्या कामगिरीवर आणि परतलेल्या खेळाडूंवर बेतलेली असते, आणि तिचा ठसा ऑक्टोबरपर्यंत पुसला जात नाही. सोपा संघ निवडून जिंकत राहणारा वर सरकतो, आणि अव्वल संघाशी पाच सेट झुंजून हरणारा खाली येतो. हे खटकत असेल तर मतदारांना नावं ठेवण्याआधी दोन संघांचे निकाल नावं झाकून शेजारी मांडा आणि समोरच्याला निवडायला सांगा. नावं झाकल्यावर मतं भराभर बदलतात.

स्वतःची मतपत्रिका

रविवारची शेवटची मॅच संपल्यावर बसा, आणि पोल यायच्या आत यादी पुरी करा. एकदा तो डोळ्यांखालून गेला की आपली यादी त्याच्याच वळणाने जाते. प्रत्येक संघासाठी तक्त्यात एवढे रकाने पुरतात: प्रतिस्पर्धी, मॅच घरी की बाहेर की त्रयस्थ ठिकाणी, सेट, दोन्ही संघांचे एकूण गुण, आणि प्रतिस्पर्ध्याचा आजचा क्रमांक. आजचा, मॅचच्या दिवसाचा नव्हे. सप्टेंबरमध्ये ‘पहिल्या दहातल्या संघाला हरवलं’ म्हणून गाजलेला विजय नोव्हेंबरपर्यंत चोविसाव्या संघावरचा विजय होऊन बसलेला असतो.

एकूण गुणांचा रकाना का, ते या निकालात बघा: २५-२३, २५-२३, १५-२५, १६-२५, १५-१३. मॅच ३-२ जिंकली, पण जिंकणाऱ्याचे गुण ९६ आणि हरणाऱ्याचे १०९. कामगिरीच्या यादीत हा विजयच, त्यात काटछाट नाही. ताकदीच्या यादीत मात्र हरलेल्या संघाला वर ठेवायला हरकत नसावी. पाचवा सेट १५ गुणांचाच असतो, दोन-तीन सर्व्ह चुकल्या की तो हातचा जातो.

आता थेट १ ते २५ लावू नका. आधी गट पाडा: पहिले चार, पुढचे चार, मग सोळापर्यंत, मग उरलेले. आमनेसामनेचा निकाल फक्त गटाच्या आत वापरा. नाहीतर अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने अ ला, अशा फेऱ्यात अडकाल. आमनेसामनेलाही घरच्या कोर्टाचा रंग असतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नेब्रास्काने विस्कॉन्सिनला आपल्या घरी लिंकनमध्ये ३-२ हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनने आपल्या घरी मॅडिसनला ३-० ने परतफेड केली. एकच निकाल हाती धरून बसणाऱ्याला दुसरा दाखवायचा.

बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकडेवारीचा तक्ता, उघडा तेव्हा पहिली सेटर (अटॅकसाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू) खेळली का ते असिस्टच्या रकान्यात पाहा. ती नसेल तर अटॅक विस्कटतो आणि हिटिंग टक्केवारी घसरते. ही टक्केवारी म्हणजे किल (थेट गुण मिळवणारे अटॅक) वजा अटॅकमधल्या चुका, भागिले एकूण अटॅक: ५२ किल, १८ चुका, १३० अटॅक, तर .२६२. वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे असे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवणं मात्र निरर्थक. दुबळ्या ब्लॉकसमोर कोणीही .३५० मारतं.

आरपीआय आलं की काय करायचं

ऑक्टोबर सरला की वादात आरपीआय येतं, म्हणजे विजयांवरून आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जावरून काढलेला आकडा. सूत्र असं: स्वतःची विजयाची टक्केवारी २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांची ५० टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५ टक्के. .९००, .५५० आणि .५२० असलेल्या संघाचं आरपीआय येतं .६३०. .८००, .६५० आणि .५६० असलेल्याचं .६६५. कमी जिंकलेला संघ वर गेला, कारण अर्धं वजन प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना आहे. ३-० आणि ३-२ मध्ये हे सूत्र काही फरक करत नाही, वरच्या ९६-१०९ च्या मॅचलाही ते पूर्ण विजय मानतं. त्यामुळे ताकदीच्या वादात आरपीआय पुढे करणाऱ्याला थांबवा. गुणांवर चालणारं पाब्लोसारखं संगणकी रँकिंग त्यासाठी बरं. उलट कामगिरीच्या वादात पाब्लो आणू नका.

हंगामाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धा भरवणारी कॉलेज खेळांची संघटना म्हणजे एनसीएए. तिची निवड समिती एव्हीसीएचा पोल निकष म्हणून वापरत नाही, आरपीआय वापरते. ‘पोलमध्ये बारावे आहोत म्हणजे घरी खेळणार’ हे गृहीत धरू नका. स्पर्धेत ६४ संघ असतात आणि २०२२ पासून ३२ जणांना सीड, म्हणजे मानांकन, मिळतं. पहिल्या सोळा जणांना पहिल्या दोन फेऱ्या घरी मिळतात, पहिल्या चार जणांना त्यापुढच्या दोनही. म्हणून नोव्हेंबरमध्ये सोळावा की सतरावा आणि चौथा की पाचवा, या दोनच भांडणांत जीव ओतावा. २०२४ मध्ये पिट्सबर्ग, नेब्रास्का, लुईव्हिल आणि पेन स्टेट या चार अव्वल सीडनी घरच्या फेऱ्या पार केल्या आणि तेच चौघे उपांत्य फेरीत भेटले. तिथे अव्वल पिट्सबर्ग लुईव्हिलकडून हरलं, आणि नेब्रास्काविरुद्ध ०-२ ने मागे पडलेलं पेन स्टेट पाच सेटमध्ये जिंकून पुढे विजेतं ठरलं. ‘बघा, पिट्सबर्गला अव्वल ठरवणं चुकलंच’ असं कोणी म्हटलं तर मानू नका. बाद फेरीत एक मॅच गेली की संघ घरी जातो, त्यावरून तीन महिन्यांची यादी खोटी ठरत नाही.

शेवटच्या आठवड्यात आपला संघ ६४ मध्ये शिरण्याच्या काठावर असेल तर त्याच्या मॅचइतकंच लक्ष छोट्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या, स्पर्धांकडे ठेवा. तिथला भरवशाचा संघ अंतिम फेरीत हरला, तर एनसीएए स्पर्धेतला त्या कॉन्फरन्सचा थेट प्रवेश विजेत्याला जातो, आणि हरलेला संघ आरपीआयच्या जोरावर उरलेल्यांपैकी एक जागा घेऊ शकतो. ती जागा आपलीही असू शकते.