ताई, तुम्हाला हाफ!

"बालवाडीत शिकवतेस म्हणजे काय, दिवसभर मुलांशी खेळायचं!" लग्नकार्यात कुणी ना कुणी हे म्हणतंच. पूर्वी मला राग यायचा. आता मी "हो, खेळायचंच" म्हणून पंगतीला बसते. मुलांशी खेळणं, तेवढं एक जमायला मला तीनेक वर्षं लागली, हे तिथे कुठे सांगत बसू? पण तुम्ही या कामात नव्याने येणार असाल, तर तुम्हाला सांगायला हवं.

माझ्या पहिल्या नोकरीत शिशुवर्गाला दिवाळीपर्यंत पन्नासपर्यंतचे आकडे आणि सगळे स्वर 'पूर्ण' करायचे असत. मुलं साडेतीन वर्षांची. खेळाचा तास शुक्रवारी, शेवटचा, आणि तोही अभ्यास उरला नसेल तर. बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सच्या परीक्षेत मी फ्रोबेल, माँटेसरी, गिजुभाई या बालशिक्षणतज्ज्ञांवर पानंच्या पानं लिहिली होती. वर्गात मात्र मुलांची बोटं आपल्या मुठीत धरून 'अ' गिरवून घेत होते. एक मुलगा गिरवताना इतका घाबरायचा, की पेन्सिलीचं टोक रोज मोडायचं. तो मुद्दाम मोडतोय, असं मला वाटायचं.

दुसरी बालवाडी लहान होती, दोन खोल्या आणि एक पडवी. तिथल्या एका सकाळची गोष्ट.

चार मुलांनी खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि एसटी केली. साडेचार वर्षांचा एकजण कंडक्टर. खांद्याला डब्याची पिशवी, हातात रद्दी कागद. "पुढं सरका, पुढं सरका" करत तो माझ्यापर्यंत आला. "कुठं?" "वाईला." त्याने कागदावर दोन वाकड्या रेघा मारल्या, कागद मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "ताई, तुम्हाला हाफ. बायकांना हाफ असतं." शेजारच्या मुलाला मात्र अख्खा कागद. एसटीत महिलांना निम्मं भाडं मार्च 2023 पासून सुरू झालं. आईबरोबर प्रवास करताना त्याने ते टिपलं होतं. निम्मं म्हणजे काय, कागदावर काहीतरी लिहिलं की त्याला किंमत येते, आणि ताईला वेगळा नियम लागतो, हे सगळं त्या फाडण्यात होतं.

मला उत्साह आला आणि मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी मीच खुर्च्या मांडल्या. पुठ्ठ्याची तिकिटं कापून त्यांवर 5, 10 असे आकडे लिहिले. "कुणाकडे दहाचं तिकीट आहे? दाखवा बरं!" पाच मिनिटांत गाडी रिकामी. कंडक्टर पडवीत जाऊन मुंगळे बघत बसला. मी त्यांच्या एसटीत माझी तोंडी परीक्षा घुसवली होती, आणि मुलांना ते बरोबर कळलं.

तेव्हापासून मी एवढंच करते: एखादी वस्तू गुपचूप ठेवते आणि बाजूला होते. त्या आठवड्यात खुर्च्यांजवळ एक कोरी पाटी आणि खडू ठेवला. दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "ताई, पाटीशिवाय गाडी कुठं चालली ते कसं कळणार? 'वाई' कसं लिहायचं?" त्या वेळी मी लिहून दाखवलं. मुलाने मागितलं की शिकवायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण ते दोन दिवस तोंड मिटून बसणं फार अवघड जातं. शिक्षिकेला गप्प बसायची सवय नसते.

खेळणी विकत आणायच्या मागे लागू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच अंगणात नेली, आणि साधनं घेतली ती शंख-शिंपल्यांपासून पानाफुलांपर्यंत भोवती सापडणारी. आमच्याकडे चिंचोके, नारळाच्या करवंट्या, रिकामे डबे आणि वाळू आहे. फक्त तीन वर्षांखालची मुलं वर्गात असतील, तर चिंचोके, मणी, शेंगदाणे वरच्या फळीवर. नाकात घालायला त्यांना निमिष लागत नाही.

पालकांचा प्रश्न एकच असतो: "लिहायला कधी शिकवणार?" वाद घालू नका. एक आई चार रेघी वही घेऊनच आली होती. मी तिला मुलगा चिंचोके चिमटीत धरून बाटलीत टाकत होता तिथे बसवलं आणि त्याची बोटं बघायला सांगितली. घरी वहीऐवजी मटार सोलायला द्या म्हटलं. ती फारशी खूश झाली नाही, पण मटार दिले. फेब्रुवारीत त्याची पेन्सिलीवरची पकड बघून तिने स्वतःच विषय काढला. सगळेच पालक असे वळत नाहीत. काहींनी मुलं काढून नेली, आणि तो चटका बसतोच.

कोर्स निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एकच विचारा: प्रत्यक्ष मुलांबरोबर किती दिवस काम करायला मिळेल? नुसते तक्ते आणि फाईली रंगवून घेणारे कोर्स खूप आहेत. मुलाखतीला जाल तेव्हा वर्ग बघायला मागा. भिंतीवरची सगळी चित्रं एकसारखी असली, तर ती मुलांची नसतात. अंगणवाडीत सेविका व्हायचं असेल, तर बारावी उत्तीर्ण असावं लागतं आणि तुम्ही तिथल्याच रहिवासी असायला हव्यात. तिथे मिळतं ते मानधन, पगार नव्हे. शिवाय पोषण आहार, वजनं, नोंदी या सगळ्यातून खेळाला वेळ काढावा लागतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत स्तर मानला आणि त्यात खेळ मध्यभागी ठेवला. हे पालकसभेत सांगायला उपयोगी पडतं. वर्गात मात्र तुमचे तुम्हीच.

आणि एक छोटी वही कायम जवळ ठेवा. त्यात "हुशार आहे", "मस्ती करतो" असलं लिहू नका. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. माझ्या वहीतली त्या आठवड्यातली नोंद अशी आहे: "कंडक्टरने आज ड्रायव्हरला तिकीट मागितलं. ड्रायव्हर म्हणाला, मी गाडी चालवतोय, मला फुकट. दोघं भांडले. गाडी वाईला पोचली नाही."