१:६४ चा अमेरिकन ट्रक-ट्रेलर घेताय? डिटेलिंग खरं की नुसतीच चकाकी ते असं बघा

१:६४ चा, म्हणजे खऱ्यापेक्षा ६४ पट लहान, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचा) ट्रक हातात आला की बहुतेक जण आधी दरवाजे उघडतात, बॉनेट उचलतात, चाकं फिरवतात आणि "काय डिटेलिंग आहे यार" म्हणून मोकळे होतात. पण उघडणारे पार्ट म्हणजे डिटेलिंग नव्हे, उलट एवढ्या छोट्या मॉडेलला उघडणारा दरवाजा दिला की कडेला जाड फट आलीच, मी तरी बंद दरवाजावालंच घेतो. आधी माप बघा, मग जाडी, रंगबिंग नंतर.

उदाहरणाला पीटरबिल्ट ३७९ हा अमेरिकन ट्रक आणि मागे ५३ फुटी बंद ट्रेलर धरू. ५३ फूट म्हणजे १६.१५ मीटर, त्याला ६४ ने भागलं की ट्रेलर साधारण २५.२ सेंमी भरायला हवा, रुंदी १०२ इंच म्हणजे मॉडेलवर ४ सेंमी, शाळेतली पट्टी पुरते त्याला. टायरला मात्र व्हर्नियर (बारीक मापं घेणारा कॅलिपर) लावा. खरा टायर साधारण ४२ इंची, मॉडेलवर १६-१७ मिमी. ट्रेलर दोनेक मिमी इकडेतिकडे असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण टायर तेवढाच मोठा झाला की अख्खी गाडी खेळण्यातली वाटायला लागते.

मग बॉनेट. ३७९ ची बंपरपासून कॅबच्या मागच्या भिंतीपर्यंतची लांबी ११९ किंवा १२७ इंच, म्हणजे मॉडेलवर ४७ नाहीतर ५० मिमी, त्यामुळे बॉक्सवर लांब बॉनेट लिहिलंय आणि माप ४७ येतंय तर सरळ विचारा विकणाऱ्याला. हेडलाइट पण बघा, ३७९ चे चौकोनी असतात, लंबगोल दिसले तर ती नंतरची ३८९.

आता ट्रेलर जोडा, टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने बघा. ट्रेलरची खालची कड टेबलाला समांतर हवी, नाक वर गेलं असेल तर फिफ्थ व्हील (ट्रेलर टेकतो ती ट्रकवरची तबकडी) उंच बसलंय. किंगपिन (त्या तबकडीत अडकणारी ट्रेलरखालची पिन) जाड असणार, ते सोडून द्या, खरी २ इंची पिन इथे ०.८ मिमीची होईल आणि पहिल्याच वळणाला तुटेल.

जाडीसाठी एकच हिशोब डोक्यात ठेवा, मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या ट्रकवर ६.४ सेंमी. आरशाची दांडी दीड मिमीची असेल तर खऱ्या गाडीला जवळपास १० सेंमी जाड पाइप लावल्यासारखं झालं ना! हँडल, मडफ्लॅप सगळ्याला हेच. उभे सायलेन्सर पाइप ८ इंची धरले तर ३.२ मिमी, त्याहून जाड नकोत.

ट्रेलरच्या बाजूची लाल-पांढरी चमकणारी पट्टी भिंगातून बघा. २ इंची पट्टी म्हणजे इथे ०.८ मिमी, छपाई जरा सरकली की लगेच कळतं. मागच्या वरच्या कोपऱ्यांत मात्र फक्त पांढरी हवी, लाल-पांढरी छापली असेल तर कोणीतरी घाईत काम उरकलंय. आणि ही पट्टी लावायचा नियम अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून बनलेल्या ट्रेलरना लागू झाला, त्यामुळे ऐंशीच्या दशकातला म्हणून विकलेल्या ट्रेलरवर ही पट्टी दिसली तर शंका घ्याच.

कॅबमागच्या हवेच्या नळ्या लाल आणि निळी, इलेक्ट्रिकची केबल हिरवी. १:६४ मध्ये बऱ्याचदा नसतातच, १:५० मध्ये नसतील तर पैसे कमी करून मागा.

रंग जाड असला की रिव्हेट आणि दरवाजाच्या रेषा बुजतात, तिरप्या उजेडात धरा म्हणजे दिसतं. जुनं मॉडेल घेत असाल तर चॅसिस उलटी करून बघाच. झिंकच्या मिश्रधातूत शिसं जास्त गेलं असेल तर धातू फुगतो, बारीक तडे जातात, त्याला इलाज नाही, कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडा.